एक ऑगस्ट, एक गाणं आणि वतनाची जमीन

पोस्ट जरा लांब आहे. पण विषय आपल्या गावाचा आहे, आपल्या सातबाऱ्याचा आहे. निवांत वेळ काढून वाचा.

ऑगस्टची एक तारीख जवळ आली की आपल्या पट्ट्यात, नेरे-दत्तवाडीपासून जांबे, मारुंजी, हिंजवडी, माणपर्यंत, कुठे ना कुठे एक गाणं कानावर पडतंच. लोकशाहीर अण्णाभाऊ साठ्यांचं 'जग बदल घालुनी घाव'. १४ एप्रिलला वाजतं, ६ डिसेंबरला वाजतं आणि अण्णाभाऊंच्या जयंतीला तर वाजतंच. लहान पोरांनाही तोंडपाठ आहे.

पण हे गाणं कशाबद्दल आहे, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात, "बाबासाहेबांवरचं आहे." उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. बाबासाहेबांचं नाव त्यात सांगणाऱ्याचं म्हणून येतं. त्यांनी जे सांगितलं, ते गुलामगिरीबद्दल आहे. तो शब्द गाण्यात सरळ सरळ आलाय. आणि इथेच प्रश्न पडतो. आपल्याकडे कुठे होती गुलामगिरी? बाजारात माणसं उभी करून लिलाव, पायात बेड्या, पाठीवर चाबूक हे सगळं आपण अमेरिकेच्या सिनेमात बघितलेलं. मुळशीत असं काय होतं?

होतं. फक्त त्याला आपण दुसरं नाव दिलं होतं. ते नाव होतं वतन.

आधी तारखेचा एक योगायोग सांगतो, जो जयंतीच्या फ्लेक्सवर कुणी लिहीत नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचं निधन झालं आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊंचा जन्म झाला. हे सगळ्यांना माहीत असतं. सरकारी कॅलेंडरात हाच दिवस महसूल दिन म्हणून असतो, हे निदान तलाठी-सर्कल मंडळींना माहीत असतं. पण तिसरी गोष्ट अशी, की गावातली 'कनिष्ठ वतनं' रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा ज्या दिवशी अमलात आला, तो दिवससुद्धा १ ऑगस्टच. साल १९५९. म्हणजे महार, मांग, रामोशी अशा गावकामगारांची वंशपरंपरागत चाकरी कागदावर संपली, त्या दिवशी अण्णाभाऊ ३९ वर्षांचे झाले होते. कुणी ठरवून केलं नसणार. पण गाणं आणि कायदा या दोघांचा विषय एकच होता.

आता वतन म्हणजे नेमकं काय, ते बघू. पाटलाचं वतन, कुलकर्ण्याचं वतन हे शब्द आपण अभिमानाने उच्चारतो. वतनदार म्हटलं की फेटा, वाडा, मानाची सुपारी डोळ्यांपुढे येते. महारालाही वतनदारच म्हणायचे. त्यालाही इनाम जमीन होती, तिला हाडकी-हाडवळा म्हणत. गावच्या शेतकऱ्यांकडून बलुतं मिळायचं, पाळीने भाकरी मिळायची, मेलेल्या जनावरावर हक्क असायचा. ऐकायला बरं वाटतं.

त्या बदल्यात काम काय? सारा वसूल झाला की तो तालुक्याला पोचवायचा. सरकारी अंमलदार गावात आला की त्याच्यापुढे पळायचं, त्याचं सामान वाहायचं, घोड्याला वैरण आणि चुलीला लाकूडफाटा आणायचा. चावडी झाडायची. रात्री गस्त घालायची. सीमेचा तंटा झाला तर साक्षीला उभं राहायचं. कुणाच्या घरी मयत झालं तर पाहुण्यांच्या गावी सांगावा घेऊन जायचं, मग पाऊस असो की रात्र. मेलेलं ढोर ओढायचं. या कामाला वेळ ठरलेली नव्हती. कामांची यादी कुठे संपते तेही ठरलेलं नव्हतं. बाप आजारी असेल तर मुलगा, मुलगा नसेल तर घरातलं आणखी कुणी. चाकरी एका माणसावर नव्हती, अख्ख्या घरावर होती.

आणि ती सोडायची सोय नव्हती. मजूर काम सोडून दुसरीकडे जाऊ शकतो. वतनदार गेला की त्याची जमीन, बलुतं, भाकरी सगळंच जायचं. त्यातून राहिला तर मुलाने शाळेत जायचं की पाळी सांभाळायची, हेही गावच ठरवणार. या प्रकाराला जुना मराठी शब्द आहे वेठ. आजही आपण म्हणतो, "वेठीला धरलं." शब्द राहिला, तो कुठून आला ते विसरलो.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. सरळ अर्थाची गुलामी, म्हणजे माणसाची खरेदी-विक्री, तीसुद्धा आपल्या पुण्यात होती. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी येतात, बटीक येतात. त्यांची किंमत लिहिलेली असते, कुणाला दिल्या ते लिहिलेलं असतं. या गुलामीची कायदेशीर मान्यता कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने काढून घेतली. पण वेठीला त्या कायद्याने हात लागला नाही. उलट पुढे १८७४ मध्ये सरकारने वंशपरंपरागत गावकामगारांचा स्वतंत्र कायदाच केला. गावगाड्याच्या रूढीला सरकारी शिक्का मिळाला. माणूस विकता येत नव्हता, पण जन्मतःच बांधलेला असू शकत होता, तेही कायद्याने.

ही गोष्ट ओळखणारा पहिला मोठा माणूस आपल्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर राहत होता. जोतीराव फुले, गंज पेठ, पुणे. १८७३ साली त्यांनी पुस्तक काढलं, नाव ठेवलं 'गुलामगिरी'. आणि ते अर्पण कुणाला केलं? अमेरिकेतल्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी लढा दिला त्यांना. अमेरिकेत १८६५ साली घटनादुरुस्ती होऊन गुलामी बंद झाली. आठ वर्षांत पुण्यातला एक माणूस त्या गोष्टीचा हवाला देऊन आपल्या लोकांना विचारतो, की आपल्या शूद्रातिशूद्रांची सुटका कधी? त्या काळी ना टीव्ही, ना मोबाईल. तरी त्यांना दोन्हीकडचं दुखणं सारखं दिसलं, कारण त्यांनी बेडी कशाची बनवलीय हे बघितलं नाही, बांधलेला माणूस बघितला.

जोतीरावांनी आणखी एक गोष्ट केली. विचार पोचवायला पोवाडा, अखंड अशी गाण्याची रूपं वापरली. मग सत्यशोधक जलसे आले. त्यांच्यानंतर भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. ज्याला वाचता येत नाही, त्याला गाणं ऐकता येतं. अण्णाभाऊ याच वाटेवरचे.

अमेरिकेतल्या गुलामांचंही असंच होतं. त्यांना लिहा-वाचायला शिकवणं कित्येक राज्यांत गुन्हा होता, म्हणून त्यांनी गाणी रचली. बायबलातला मोझेस आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढतो, ती गोष्ट ते गायचे. मालकाला वाटायचं देवाचं चाललंय. गाणाऱ्याला माहीत असायचं की इजिप्त म्हणजे हेच शेत आणि फॅरो म्हणजे हाच मालक. गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ साली आत्मचरित्र लिहिलं. त्यात त्याने बजावलंय की गुलाम गातात म्हणून ते सुखी आहेत, असं समजू नका. ते सगळ्यांत जास्त दुःखात असतात, तेव्हा सगळ्यांत जास्त गातात.

याच परंपरेतलं एक गाणं आपल्या प्रत्येकाने शाळेत म्हटलंय, 'हम होंगे कामयाब'. गिरिजाकुमार माथुरांनी ते हिंदीत आणलं. मूळ गाणं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून आणि संपातून पुढे आलं. १९४५-४६ साली चार्ल्सटनच्या सिगार कारखान्यात संप झाला, तेव्हा तिथल्या कामगार बायका ते गात होत्या. मग साठच्या दशकात ते नागरी हक्कांच्या चळवळीचं गाणं झालं. सुंदर गाणं आहे. पण त्याचा भर विश्वासावर आहे. आज ना उद्या दिवस येईल, ही उमेद ते देतं.

अण्णाभाऊंचं गाणं वेगळं आहे. ते धीर देत बसत नाही. ते ऐकणाऱ्याला हुकूम देतं, आणि तोही आत्ताचा. आणि त्यात गुलामीसाठी त्यांनी जे चित्र निवडलंय, ते बेडीचं नाहीच. ते चिखलाचं आहे. चिखलात रुतून बसलेल्या हत्तीचं. साधासुधा हत्तीही नव्हे, इंद्राचा ऐरावत.

आपण भाताच्या पट्ट्यातली माणसं आहोत. चिखल काय असतो हे आपल्याला सांगायला नको. चिखलणी करताना पाय पोटरीपर्यंत आत जातो, आणि जितकं वजन जास्त तितका जास्त रुततो. बेडी दिसते. ती कुणी घातली हे कळतं, चावी कुणाकडे आहे हेही कळतं. चिखलाचं तसं नसतं. चिखल म्हणजे जमीनच असते, जी आपल्याला धरून ठेवते. तीच आपली वाटते. वरून रुतलेल्याला लोक म्हणतात, "तुझा तूच उभा आहेस की तिथे, कुणी बांधलंय?"

वतन नेमकं असं होतं. ती जमीन होती. तो मान होता. पिढ्यान् पिढ्यांचा हक्क होता. म्हणून बाबासाहेबांनी जेव्हा सांगितलं की वतन हीच आपली गुलामी आहे, तेव्हा आपल्याच माणसांतल्या पुष्कळांना ते पटलं नाही. जमीन गेली तर खायचं काय, ही भीती खोटी नव्हती.

बाबासाहेबांनी त्यावर 'बहिष्कृत भारता'त लिहिलं. मग १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणलं. मागण्या बघा, किती साध्या होत्या. महारांनी कोणती कामं करायची ते कायद्यात नीट लिहा. बलुत्याऐवजी रोख पगाराची सोय करा. ज्याला चाकरी नको असेल, त्याला इतर शेतकऱ्यांसारखा पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवू द्या. एवढंच. म्हणजे जमीन राहील, वेठ जाईल. कौन्सिलात त्याला विरोध झाला, निवड समितीत बिलाचा जीवच काढून घेतला गेला आणि शेवटी बाबासाहेबांना ते मागे घ्यावं लागलं.

पुढे सरकारने वतनाच्या जमिनीवरचा जुडीचा बोजा वाढवायचं ठरवलं. म्हणजे चाकरी तशीच आणि वर पैसेही जास्त. त्याविरुद्ध १६ डिसेंबर १९३९ रोजी नगर जिल्ह्यात हरेगावला परिषद झाली. तिच्या नावातच महार, मांग आणि वेठिया वतनदार असे शब्द होते. वेठिया. लोकांनी स्वतःच स्वतःच्या अवस्थेला नाव दिलं होतं. ते घेऊन ते सरकारशी भांडत होते.

अण्णाभाऊ हे सगळं पुस्तकातून शिकले नव्हते. ते मातंग समाजातले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवून हजेरीला बांधलं जायचं, त्यांत आपल्या भागातले अनेक समाज होते. तो कायदा गेला १९५२ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. 'फकिरा' कादंबरी वाचली असेल तर ती हजेरी काय असते ते आठवेल. न वाचली असेल तर वाचाच, १९५९ सालची आहे आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. कसलाही गुन्हा न करता रोज जाऊन आपण पळालो नाही हे सिद्ध करायचं, यापेक्षा वेगळी बेडी कोणती?

शाळा जेमतेम दीड दिवसाची, असं त्यांच्याबद्दल सांगतात. वाटेगावातून कुटुंबाबरोबर मजल दरमजल करत मुंबई गाठली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट चळवळीशी नातं जुळलं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशातला गण म्हणजे गणपतीचं स्तवन. अण्णाभाऊंनी तिथे मातृभूमीला, कष्टकऱ्यांना वंदन घातलं आणि गवळण काढून टाकली. सरकारने तमाशावर बंदी घातली, तर त्यांनी त्याला लोकनाट्य म्हटलं आणि खेळ चालू ठेवला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या गाण्यांनी मैदानं भरायची. आणि हा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहत होता. १८ जुलै १९६९ ला गेला, तोही हलाखीतच. २०२२ साली मॉस्कोत त्याचा पुतळा उभा राहिला.

अण्णाभाऊ कम्युनिस्ट होते की आंबेडकरवादी, यावर आपल्याकडे दर जयंतीला वाद होतो. मला वाटतं या वादाचं उत्तर गाण्यातच आहे. एकाच कडव्यात ते दोघांवर बोट ठेवतात. पैसेवाल्यांनी पिळलं आणि धर्माच्या नावावर आंधळे झालेल्यांनी छळलं. दोन्ही एकाच श्वासात. कारण वतनात दोन्ही एकत्रच होतं. फुकटात राबवून घेणं हा पैशाचा मामला होता. तू जन्मानेच त्यासाठी आहेस असं सांगणं हा धर्माचा. एक काढून दुसरं ठेवलं, तर माणूस सुटत नाही.

आणखी एक. गाण्यात रुतलेला प्राणी हत्ती आहे, बकरी नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गुलामाबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्याची कीव करतात. अण्णाभाऊ कीव करत नाहीत. ते विचारतात, तू एवढा बलवान, मग इथे बसलास का? सीमेच्या तंट्यात ज्याची साक्ष अख्खं गाव मानायचं, रात्री ज्याच्या भरवशावर गाव झोपायचं, सरकारी खजिना ज्याच्या हाती सोपवून पाठवायचे, तो माणूस दुबळा कसा असेल? गाव त्याच्यावर चालायचं. म्हणूनच त्याला सोडायला गाव तयार नव्हतं. आणि शेवटी ते बाहेर यायचा रस्ताही सांगतात. एकट्याने नाही, एकजुटीने.

आता १९५९ कडे येतो, म्हणजे आपल्या नेऱ्याकडे येतो.

राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला मनाई १९५० सालीच केली होती. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा १ ऑगस्ट १९५९ ला लागू झाला. चाकरी संपली. वतनाच्या जमिनी आधी सरकारजमा झाल्या आणि मग ठरलेली रक्कम भरून घेऊन मूळ वतनदारांना परत द्यायच्या ठरल्या. पण एका अटीवर. कलेक्टरच्या परवानगीशिवाय ही जमीन विकता येणार नाही, वाटता येणार नाही. सातबाऱ्यावर आपण 'नवीन शर्त' किंवा 'भोगवटादार वर्ग २' असं वाचतो, ते हेच. बऱ्याच ठिकाणी रक्कम वेळेत भरलीच गेली नाही, कारण खिशात नव्हती किंवा कुणी सांगितलंच नाही. तिथे जमीन सरकारच्याच नावावर राहिली, कसणारा मात्र वतनदाराचा नातू.

ही अट का घातली? गरिबाची जमीन कुणी दारू पाजून, कुणी लग्नाला उसने पैसे देऊन लिहून घेऊ नये म्हणून. पन्नास-साठच्या दशकात आपल्या माळरानाला विचारतंय कोण? भात पिकवायचं, गवत कापायचं. पण मग हिंजवडीला आयटी पार्क आलं. माण आलं, मारुंजी आलं. आता मेट्रोचे खांब उभे राहिले. नेरे, जांबे, गहुंजे, सांगवडे ही गावं हिंजवडी-माण-मारुंजीबरोबर पिंपरी-चिंचवड महापालिकेत जाणार की नाही, याच्या चर्चेनेसुद्धा भाव हलतात. वेठीच्या मोबदल्यात मिळालेला तुकडा, ज्यासाठी आजा-पणजाने मेलेली ढोरं ओढली, तो आज गुंठ्यावर मोजला जातो.

आणि चिखल पुन्हा तयार झालाय.

आता येणारा माणूस वेठीला बोलवत नाही. तो गाडीतून येतो, पेढे आणतो. "आजोबा, तुमच्या नावावर नुसतीच पडून आहे. परवानगीबिरवानगीचं आम्ही बघतो. तुम्ही फक्त सही करा." विसार म्हणून थोडे पैसे, साठेखत, नाहीतर कुलमुखत्यारपत्र. सही करणाऱ्याच्या हाती एकदाच बऱ्यापैकी रक्कम येते, ती घर नाहीतर लग्नात जाते, आणि जमिनीचा कागद तीन हातांतून फिरून कुठल्या कुठे पोचतो. २०२५ च्या नोव्हेंबरात मुंढव्याच्या जवळपास ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा हा शब्द बऱ्याच तरुणांनी पहिल्यांदा ऐकला. त्यातलं खरं-खोटं चौकशीतून ठरेल. पण त्या निमित्ताने टीव्हीवर 'वतन' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, यातच आपण किती विसरलोय ते आलं.

म्हणून कळकळीने सांगतो. ज्यांच्या घरात अशी जमीन आहे, त्यांनी सातबारा काढा. नुसता आजचा नको, जुने फेरफार काढा. 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय ते वाचून घ्या. रक्कम भरून जमीन परत मिळाल्याचा आदेश आहे का ते बघा. कलेक्टरची परवानगी आणि बाजारभावावर आधारलेला नजराणा याशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही, शर्तभंग झाला तर जमीन सरकारजमा होऊ शकते. मग विकणाराही रुततो आणि तिथे फ्लॅट घेणाराही. भावाभावांत वाद असेल तर एजंटापुढे भांडू नका, आधी घरात बसा. बाबासाहेबांनी 'जमीन राहील, वेठ जाईल' असा रस्ता मागितला होता. आपल्या पिढीत वेठ गेली. जमीनही गेली, तर त्या भांडणाचं मोल काय राहिलं?

विकू नका असं मी म्हणत नाही. तुमची जमीन, तुमचा हक्क. पोरांच्या शिक्षणाला विकावी लागली तर विका, पण उघड्या डोळ्यांनी, कायद्याने, पूर्ण भाव घेऊन विका.

आणि वेठ गेली असं मी म्हटलं खरं, पण ते तितकंसं पक्कं नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की उचल देऊन त्या बदल्यात माणसाला बांधून राबवणं हा गुन्हा आहे. आता आपल्या आजूबाजूला बघा. मराठवाड्यातून ऊसतोडीला येणारी जोडपी उचल घेऊन येतात. ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाला परत यायचं. कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर उचलीपोटी राबतात. २०२२ साली नाशिक-नगर भागात कातकरी मुलांना मेंढ्या राखायला थोड्याशा पैशांवर देऊन टाकल्याची प्रकरणं उघडकीला आली. आणि आपल्याच शिवारातल्या टॉवरच्या कामावर पत्र्याच्या खोल्यांत राहणारे झारखंड-बंगालचे मजूर? ठेकेदाराकडे त्यांचा पगार किती महिने अडकलाय, हे कधी विचारलंय आपण?

त्यांना कुणी बेडी घातलेली नाही. "स्वतःहून तर आलेत," असं आपण म्हणतो. चिखलात उभ्या असलेल्या माणसाला गावाने नेमकं हेच म्हटलं होतं.

येत्या १ ऑगस्टला मिरवणूक निघेल, गाणं वाजेल, मीही असेन. माझी एकच विनंती आहे तरुण मंडळींना. डीजेचा खर्च कमी करून एक संध्याकाळ ठेवा. चावडीपुढे किंवा बुद्धविहारात, कुठेही. एखादा सांगणारा माणूस बोलवा, जुने सातबारे घेऊन बसा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की पाळी म्हणजे काय होती, सांगावा घेऊन कुठवर जायचे, बलुतं कधी बंद झालं. ही माणसं अजून आहेत तोवरच हे कळणार आहे. कागदावर हे सगळं कुणी लिहून ठेवलेलं नाही. इतर समाजातल्या मंडळींनीही यावं, कारण या गोष्टीत आपले आजे-पणजेही होते. कुणी भाकरी घालणारे, कुणी सांगावा धाडणारे. हे ऐकून कुणाला कमीपणा येत नाही.

गाणं ऐकायला बारा महिने आहेतच. ते ज्याच्यासाठी लिहिलं, त्यातला एखादा आपल्या वाडीत, आपल्या साईटवर, कदाचित आपल्याच घरात रुतलेला असेल. त्याला हात द्यायला जयंतीची वाट बघायची गरज नाही.

जय भीम. जय अण्णाभाऊ.